उरलेल्या गोळ्यांचा डबा

पिंपळदरा, व्हाया नरखेड
९ नोव्हेंबर १९७८

चि. शामला हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

नत्थूजीच्या हाती पाठवलेलं पुडकं पोचलं. कंपनीवाले डॉक्टर मंडळींच्या टेबलावर औषधांचे फुकट नमुने ठेवून जातात, ते गोळा करून तू भावाला पाठवतेस. नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तू एरवी काय करतेस ते इथे कोणाला कळत नाही, पण एवढं सगळ्यांना कळतं. बायजाबाई तर तुला 'दवावाली बाई' म्हणते.

निवृत्त मास्तरला कुत्रंही विचारत नाही म्हणतात. मला डब्यामुळे विचारतात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात तू पाठवलेल्या आणि गावातल्या लोकांच्या घरी उरलेल्या गोळ्या. नियम एकच, तो झाकणावर तेलरंगाने लिहून ठेवला आहे: 'बरे वाटताच उरलेल्या गोळ्या परत आणून द्याव्या.' आपल्या आईने कधी पानात अन्न टाकू दिलं नाही, मी औषध टाकू देत नाही. सहा नेणारा तीन परत आणतो, त्या तीन दुसऱ्याच्या कामी येतात. चार वर्षांत या गावात एक गोळी वाया गेलेली नाही. शाळेत असताना पोरांना एवढी शिस्त लावता आली नाही मला.

सध्या संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालली आहे. तोडीच्या दिवसांत बायांना उन्हाळी फार लागते. लघवीला आग, ओटीपोटात कळ. दिवसभर बागेत, आजूबाजूला गडीमाणसं, आडोसा नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मला कोणी सांगत नाही. तुझ्या वहिनीच्या कानात सांगतात आणि ती आतून मला म्हणते, "चार काया-लाल द्या बरं." दुसऱ्या दिवशी आग थांबते. तेव्हा काळ्या-लाल कॅप्सूल जमतील तेवढ्या पाठव.

तुझा,
दादा

———

नागपूर
१८ नोव्हेंबर १९७८

ती. दादांना शामलाचा साष्टांग नमस्कार.

'दवावाली बाई' हे नाव आवडलं. इथले वॉर्डबॉय मला 'लघवीवाली मॅडम' म्हणतात, त्याहून बरं आहे.

मी काय करते ते सांगते. सकाळी वॉर्डांतून बाटल्या येतात. लघवीतले जंतू काचेच्या बशीत पसरायचे आणि वर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकलीत वेगळं औषध. बशी रात्रभर उबेत ठेवली की सकाळी जंतूंची साय धरलेली असते. ज्या औषधाने जंतू मरतात, त्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. जे औषध ते जुमानत नाहीत, त्या टिकलीला खेटून वाढतात. मी पट्टीने रिंगणं मोजते आणि रिपोर्ट लिहिते. बारा वर्षं हेच काम.

सुरुवातीला तुमच्या काळ्या-लाल कॅप्सूलचं रिंगण रुपयाएवढं पडायचं. हल्ली कितीतरी बशांमध्ये ते पडतच नाही. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, लोक औषध अर्धवट सोडतात त्याचा हा परिणाम आहे. मी ऐकून घेते आणि पुढची बशी उचलते.

दादा, तुम्ही एका बाईला किती दिवस औषध देता? डॉक्टर सात दिवसांच्या खाली देत नाहीत. सोबत तीस कॅप्सूल आहेत. वहिनींना नमस्कार.

शामला

———

पिंपळदरा
२८ डिसेंबर १९७८

चि. शामला हिस आशीर्वाद.

सात दिवस? अगं, बरं वाटल्यावर गोळ्या खात राहणं म्हणजे गाव आल्यावरही एस्टीत बसून राहणं. आग थांबली की माणूस बरा झाला, हे शरीर स्वतःच सांगतं. तुझ्या तीस कॅप्सूल मी सातसात वाटल्या असत्या तर चार बायांना पुरल्या असत्या. परत आलेल्या धरून मी अकरा जणींना दिल्या.

एवढं मात्र खरं की पूर्वी दोन गोळ्यांत भागायचं, आता चार लागतात. बायजाबाई दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आली. आणखीही तीन-चार जणी परत परत येतात. हवा वाईट आहे यंदाची.

आता गोड बातमी. वच्छलाला चौथा महिना लागला. लग्नाला सहा वर्षं झाली, श्रीधरने आणि तिने आशा सोडल्यासारखीच होती, म्हणून तीन महिने कोणाला कळवलं नाही. वहिनी तुला सांगायला सांगते, "सुनेले मी उंबऱ्याभाईर पाय टाकू देऊन नाही राहिली." पण सून ऐकते कुठे? परवाच बागेत जाऊन आली. या वयात माझ्या घरात पाळणा हलणार आहे, शामला. रोज सकाळी उठलो की आधी तेच आठवतं.

दादा

———

नागपूर
५ जानेवारी १९७९

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

वच्छलाचं वाचून मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे दिले. तिला सांभाळा.

एस्टीचं उदाहरण तुम्हालाच सुचू शकतं. आता माझं ऐका. अर्धं वावर निंदून बाई घरी गेली तर मागे काय उरतं ते श्रीधरला विचारा. दोन दिवसांत मरतात ते कच्चे जंतू. चिवट असतात ते उरतात. त्यांना मारणारी गोळी तुमच्या डब्यात परत गेलेली असते. आग थांबते, पण ते आत वाढत राहतात, आणि पुढच्या वेळी तीच गोळी त्यांच्यावर चालत नाही. चार लागतात, मग आठ, मग कितीही दिल्या तरी उपयोग नाही. तुम्ही हवेला दोष दिलात ते वाचलं आणि मला झोप लागली नाही.

माझं एक काम करा. परत परत येणाऱ्या पाच बायांची सकाळची लघवी पाठवा. बाटल्या उकळून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि नत्थूजीला सकाळच्या पॅसेंजरने बसवा. थंडी आहे, टिकेल.

शामला

———

पिंपळदरा
१६ जानेवारी १९७९

चि. शामला,

नत्थूजीबरोबर पाच बाटल्या पाठवत आहे. तो म्हणाला, "गुरुजी, जिंदगीत संत्रा नेला, कापूस नेला, हे पयल्यांदाच." त्याला चहा पाज.

बाटल्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर. गावातल्या बायकांच्या अब्रूचा प्रश्न आहे, तेव्हा कोणती कोणाची हे मी आणि तुझी वहिनी दोघांनाच ठाऊक. तुझी खात्री पटली की पत्र टाक.

दादा

———

नागपूर
२० जानेवारी १९७९

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

पाचही बशा झाल्या. मी दोनदा लावल्या, चूक नको म्हणून.

काळ्या-लाल कॅप्सूलचं रिंगण एकाही बशीत नाही. डब्यातल्या दुसऱ्या ज्या गोळ्या तुम्ही मागे लिहिल्या होत्या, त्यांचंही नाही. पाच बाया पाच घरच्या, पण जंतू एकाच तऱ्हेचे निघाले. मोठ्या बाईंनी बशा हातात घेऊन विचारलं, या सगळ्या एकाच वॉर्डातल्या आहेत का? मी म्हटलं, एका गावातल्या आहेत.

पहिल्या चौघींसाठी वेगळं औषध लागेल, ते चिठ्ठीत लिहिलं आहे. पूर्ण दहा दिवस, एकही गोळी परत घ्यायची नाही. चिठ्ठीवर नरखेडच्या डॉक्टरांची सही घ्या. पण पाचव्या बाटलीचं तसं नाही. त्यात पू फार आहे आणि फक्त दोन टिकल्यांना रिंगण आहे. एक सुई आणि एक पिवळी गोळी, बाकी सगळं बंद. ही बाई कोण आहे? नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, पण तिला घेऊन या. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत कळ निघाली तर समजा, मूत्रपिंडापर्यंत चढलं. तिला दिवस गेले असतील तर एक दिवससुद्धा थांबू नका.

बाकी, बाटल्यांची तोंडं चिंध्यांनी बांधली होती. पाचवीला बांधलेली पोपटी, बुट्ट्यांची चिंधी मी वच्छलाला दिवाळीत दिलेल्या साडीची दिसली. एवढ्यात फाडली? पुढच्या दिवाळीला तिला जाडंभरडं लुगडं घेईन म्हणावं.

शामला

———

पिंपळदरा
२९ जानेवारी १९७९

चि. शामला हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं. पहिल्या चौघींना चिठ्ठीप्रमाणे औषध आणून दिलं. पाचवी बाई तोडीला आलेली मजूर होती. तोड संपली, ती आपल्या गावी गेली. आता तिची काळजी करण्याचं कारण नाही. चिंधी तुझ्या वहिनीने हाताला लागली ती बांधली.

तुझ्या पत्रातला सूर मला लागला. चार वर्षं लोकांच्या दुखण्याला धावलो, आणि तू असं लिहितेस की मीच घरोघरी रोग वाटला. इथून नरखेड अकरा किलोमीटर. रात्रीबेरात्री बैलबंडी जुंपून कोण नेतं गरीब बाईला? तुझ्या मोठ्या बाईंना म्हणावं, पिंपळदऱ्याला येऊन एक तोड पाहा, मग बशा दाखवा.

डबा मी बंद करणार नाही. लोकांचा विश्वास आहे त्याच्यावर.

वच्छलाची तब्येत ठीक आहे. पाचवा लागला. थोडी पाठ दुखते म्हणते, पण या दिवसांत ती दुखतेच, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं. नवीन कॅप्सूल असतील तर पाठव.

दादा

———

नागपूर
७ फेब्रुवारी १९७९

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

तुम्हाला दुखवायचं नव्हतं. रोग तुम्ही एकट्याने वाटला नाही, दादा. कॅप्सूल मी पाठवल्या. रोज रिंगणं मोजणारी मी. तुम्ही दोन दोन दिवस देता हे मला विचारायच्या आधीपासून ठाऊक असल्यासारखंच होतं, आणि तरी पुडकी बांधत राहिले. गावात माझं नाव निघतं याचं मलाही बरं वाटत होतं. यापुढे एकही कॅप्सूल येणार नाही.

ती मजूर बाई कोणत्या गावची हे कळलं तर तिथल्या सरपंचांना कार्ड टाका. माझ्या डोक्यातून जात नाही ती. तुम्ही म्हणता काळजीचं कारण नाही, आणि तुम्ही मला कधी खोटं सांगितलेलं नाही, म्हणून गप्प बसते.

वच्छलाच्या पाठीला झोपताना कोमट तेल लावायला सांगा. आराम पडेल.

शामला

———

नागपूर
४ मार्च १९७९

दादा,

परवा तुम्ही न सांगता गाडीला निघून गेलात. वच्छला जागी झाल्यावर तिने विचारलं, "मामाजी कुठी गेले?" मी म्हटलं, घरची कामं आहेत.

तिचा ताप उतरला आहे. सुया दहा दिवस चालल्या, काल संपल्या. डॉक्टर म्हणतात, जिवावरचं टळलं. काल तिने दोन घास वरणभात खाल्ला.

तुम्ही २२ तारखेला संत्र्याच्या ट्रकमधून तिला आणलंत, तेव्हा ती थंडीने इतकी कापत होती की स्ट्रेचर वाजत होतं. त्याच दिवशी तिची बशी मी लावली, दुसऱ्या कोणाला लावू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं आणि मी ती बशी ओळखली. दोन टिकल्यांना रिंगण, बाकी सगळीकडे साय. जानेवारीतली पाचवी बशी, हुबेहूब. मग मला पोपटी चिंधी आठवली. चिंधी पाहूनसुद्धा मी थट्टा केली होती. पाठ दुखते असं तुम्ही लिहिलंत आणि मी तेल लावायला सांगितलं.

मुलगी होती. सहाव्या महिन्यातली, ओंजळीत मावेल एवढी. श्रीधरने तिला पाहिलं, मी पाहिलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होता. नंतर व्हरांड्यात तुम्ही मला एवढंच म्हणालात, "गावाले काय सांगू वं, माह्याच सुनेले माह्या डब्यानं गुण आला नाही म्हनून?"

मला फार राग आला आहे, दादा. आई गेल्यावर तुम्ही मला शिकवलंत. लोक नको नको म्हणत असताना नागपूरला ठेवलंत. तुमच्यावर रागवायची मला सवय नाही, त्यामुळे हा राग कुठे ठेवावा ते कळत नाही. जानेवारीत पत्र मिळताच आणलं असतं तर दहा दिवसांत ती बरी होऊन घरी गेली असती.

मी तेव्हा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारते. पाचवी बाटली कोणाची होती? मला आता ठाऊक आहे. तरी उत्तर तुमच्या हातचं हवं आहे.

शामला

———

पिंपळदरा
२६ मार्च १९७९

ती. शामला आत्यांना वच्छलाचा नमस्कार.

मी दहा तारखेला घरी पोचले. आत्या, माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. मामाजींनी तुमच्या पत्राचं उत्तर लिहायला तीनदा कागद घेतला आणि तिन्ही वेळा तसाच ठेवून दिला. म्हणून आज मी बसले.

तुम्ही दिलेल्या पिवळ्या गोळ्या मी नेमाने घेतल्या. चौथ्या दिवशी सगळं थांबलं. आग नाही, कळ नाही. मग मी उरलेल्या गोळ्या कागदात बांधल्या आणि ओसरीवर मामाजींना द्यायला गेले. काही विचार केला नाही, आत्या. या घरात आल्यापासून बरं वाटलं की गोळ्या परत नेऊन द्यायच्या, एवढंच माहीत. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. म्हणाले, "माह्या हातात नको देऊ, बाई. खाऊन टाक." त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा गडवा घेऊन ते माझ्या समोर उभे राहायचे. मी गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावायचे, शाळेतल्या पोरासारखं. काल शेवटची झाली. 

तुमचं जानेवारीतलं पत्र आलं होतं हे मला माहीत नव्हतं. बाटली दिली होती, पण मामाजी म्हणाले, काही निघालं नाही. मग डब्यातल्याच गोळ्या दिल्या, दोन दिवस या, दोन दिवस त्या. नागपूरला रोग्यांच्या गर्दीत पोटुशी बाई नेली तर काही लागेल, असं सासूबाईंचंही म्हणणं होतं. मला थंडी वाजायची. पण मी थकले म्हणून सांगत होते. ती पोटात हलायला लागली होती, आत्या. मला वाटायचं सगळं बरं चाललं आहे.

मी मामाजींवर रागावले आहे. समोर पाणी घेऊन उभे राहायचे तेव्हा त्यांच्याकडे पाहवत नव्हतं, आणि रागही जात नव्हता. हे मी त्यांना बोललेही. ते म्हणाले, "राहू दे. जाऊ नको देऊ."

मागच्या सोमवारी त्यांनी तोडीच्या सगळ्या बायांना शाळेच्या ओट्यावर बोलावलं. मी घरी थांबले होते, सासूबाईंनी येऊन सांगितलं. ते उभे राहून म्हणाले की माझ्या डब्याने माझी नात गेली. तुम्ही मला गोळ्या परत आणून दिल्या, त्या प्रत्येक वेळी मी चूक केली.  मग बायजाबाई उठली. "मंग गुरुजी, आता उन्हाळी लागली त आमी जावं कुठी?"  आता दर बुधवारी ह्यांची बंडी नरखेडच्या डॉक्टरकडे जाते आणि मामाजी बायांसोबत जातात. चिठ्ठी वाचून देतात आणि किती दिवस खायचं ते दाराशी येऊन पुन्हा सांगतात. एवढंच झालं आहे. बागेत ह्यांनी तुरीच्या काड्यांचा आडोसा केला आणि पाण्याचा रांजण ठेवला. ते आधी कोणाला सुचलं नाही.

डब्यातल्या गोळ्या मामाजींनी खड्डा करून चुन्यात पुरल्या. झाकणावरचा नियम विळ्याने खरडून काढत होते, पण तेलरंग पुरता निघाला नाही. 'परत आणून' एवढं अजून वाचता येतं. डबा रिकामा आहे. सासूबाई म्हणाल्या, त्यात पोहे ठेवू, पण मी नको म्हटलं.

तुम्ही रजा मिळाली की या. तिच्याबद्दल मला इथे कोणाशी बोलता येत नाही. तुम्ही तिला पाहिलं आहे.

मामाजी म्हणाले, खाली जागा सोड. म्हणून इथे थांबते.

वच्छला

शामला, पाचवी बाटली आपल्या वच्छलाची होती. तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं.
मनोहर